मोटारीचा जीर्णोद्धार

गेल्या मार्गशीर्षात एका वाटणीच्या कामासाठी मी बऱ्हाणपुरास गेलो होतो. दोघे भाऊ, वडील दोन वर्षांपूर्वी वारलेले, आई हयात. वकिलाला अशा घरात शिरताना मनाची थोडी तयारी करून शिरावे लागते. कारण वाटणीत भांडण होते ते बहुधा जमिनीवर नव्हे, एखाद्या पितळी समईवर किंवा झोपाळ्याच्या कड्यांवर होते. येथेही तसेच घडले. केळीच्या बागा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, गावातले घर, बँकेतल्या ठेवी, सारे अर्ध्या दिवसात मिटले. अडले ते एका जुन्या जीपवर. भंगारवाल्याने तिची किंमत वीस हजारांच्या आसपास सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीप पाहावी म्हणून आम्ही राजघाटावर गेलो. थोरला तिला दर अमावास्येला तापीवर आणून धुतो. वडील असतानाचा तो परिपाठ आहे. घाटाच्या पाठीशी शाही किल्ल्याची उंच भिंत, समोर तापीचे पात्र, पात्रात तो प्रसिद्ध दगडी हत्ती, पलीकडे जैनाबाद. तेथील आहुखान्यात १६३१ साली मुमताजमहलचा देह काही महिने विसावला आणि मग आग्र्यास नेला गेला. मराठी वाचकाला बऱ्हाणपूर आणखी एका मृत्यूमुळे ठाऊक असते: पुरंदरचा तह करून घेणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये येथेच वारला. अशा ठिकाणी जुन्या वस्तूविषयी बोलताना माणूस आपोआप आवाज खाली आणतो. पण आमची जीप १९६७ च्या बनावटीची, म्हणजे या शहराच्या हिशेबाने कालची.

वाद असा होता. थोरल्याचे म्हणणे, अप्पांची जीप जशी आहे तशी राहिली पाहिजे; तिला कोणी पान्हा लावू नये. धाकटा पुण्यास मोटारींच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याला ती हवी होती ती उघडण्यासाठी. पुढची काच कापून निम्मी करावी, मडगार्ड काढून टाकावेत, चासी खाली बसवावी, रुंद टायर घालावेत, आणि अपघातात मोडलेल्या एखाद्या नव्या गाडीचे दुप्पट ताकदीचे एंजिन तिच्या पोटात बसवावे, असा त्याचा बेत. त्याने आराखडे काढून आणले होते आणि ते खरोखर देखणे होते. थोरला आराखड्यांकडे पाहीना. तो नदीकडे पाहत म्हणाला, “वकीलसाहेब, बापाचा फोटो कापून कोणी त्याला नवीन डोके चिकटवतो का?”

धाकट्याने याला जे उत्तर दिले ते मला अजून आठवते. तो म्हणाला, “दादा, अप्पांनी तुला स्टिअरिंग दिलं. मला बादली दिली. बारा वर्षं मी ही जीप नुसती धुतली आहे.”

या दोन वाक्यांमध्ये जो प्रश्न होता तो दिवाणी प्रक्रिया संहितेत बसणारा नव्हता.

धाकट्याला जे करायचे होते त्याला अमेरिकेत ‘हॉट रॉड’ म्हणतात. या प्रकाराचा उगम श्रीमंतांच्या हौसेत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण कामगार जुन्या, पडेल किमतीच्या फोर्ड गाड्या घेत. वेगासाठी वजन उतरवायचे म्हणून मडगार्ड, बोनेट, छप्पर असे जे जे काढता येईल ते काढीत. एंजिनाची स्वतःच्या हाताने खरड-घास करीत आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर ती पळवीत. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे एंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आणले. त्या वर्षीची गाडी पुढे या लोकांचे जणू कुलदैवत झाली. महायुद्धावरून परतलेल्या मुलांच्या हातात कसब होते, खिशात थोडे पैसे होते आणि मनात न शमलेली एक अस्वस्थता होती. १९४५ नंतर हे वेड देशभर पसरले. १९४८ च्या जानेवारीत त्याच्या नावाचे मासिक निघाले. रस्त्यांवर शर्यती लागू लागल्या, माणसे मरू लागली, तेव्हा १९५१ मध्ये या मुलांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर नेण्यासाठी एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आपल्याकडे याचा थेट वंश नाही. पुण्याच्या दिलीप छाब्रिया यांच्या कार्यशाळेने अँबॅसॅडरचे ‘अँबीरॉड’ नावाचे रूपांतर केले होते, तो एक लक्षात राहिलेला प्रयोग. परंतु ज्याला आपण गॅरेजमधली हिकमत म्हणतो ती मात्र आपल्याकडे जीपइतकीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. लष्कराच्या लिलावांतून निघालेल्या गाड्या खेडोपाडी पोचल्या. त्यांचे काय काय झाले याची बखर कोणी लिहिली नाही.

मी प्रथम माझ्या धंद्याला शोभेल असे उत्तर दिले. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने मुळात जे तपशील नमूद केले त्यांच्याशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने वाहनात करू नये. पूर्वी परवानगीने बरेच काही चाले. २००० सालच्या दुरुस्तीने ती वाट अरुंद केली. काही मोकळीक उरली आहे, जसे मान्यतेने त्याच बनावटीचे एंजिन बदलणे, दुसऱ्या इंधनाचा संच बसवणे, अपंग व्यक्तीसाठी वाहन जुळवून घेणे. केरळातून आलेल्या के. जयचंद्र यांच्या प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. धाकट्याच्या आराखड्यात मी मोजले तर नऊ बदल होते. तो हसला, थोरल्याचा चेहरा उजळला. पण त्याचा आनंद अल्पकाळचा ठरला, कारण जुन्या गाड्यांसाठी कायद्याने जे दुसरे दार उघडले आहे त्यातूनही ही जीप जाणार नव्हती. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते, त्याला निराळी अक्षरमालिका मिळते, मात्र ते मूळ स्वरूपात राखलेले हवे आणि त्यात भरीव फेरफार झालेला नसावा. “मग ही जीप मूळच आहे की,” थोरला म्हणाला.

तोवर मिस्त्री शांत बसले होते. शनवाऱ्याकडे त्यांचे गॅरेज. साठी उलटलेले, वडिलांच्या वेळेपासून हीच जीप हाताखालून गेलेली. घरातली मुले त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी विडी विझवली आणि एखाद्या रुग्णाची हकिकत सांगावी तशी जीपची हकिकत सांगितली. पेट्रोलचे मूळ एंजिन १९८६ साली निघाले आणि डिझेलचे बसले. ते तेव्हाच्या १९३९ च्या कायद्याखाली रीतसर परवानगी घेऊन, पुस्तकात त्याची नोंद आहे. पुढचा आस लष्करी लिलावातल्या एका गाडीचा. कमरेखालचा पत्रा गंजला तो दोनदा नवा झाला. गिअरबॉक्स तिसरा. पाटे कितवे ते त्यांनाही आठवेना. आणि मग थोडे थांबून ते म्हणाले, “साहेब, चासीसुद्धा तिची नाही.”

१९७९ साली असीरगडाच्या बाजूने येताना जीप दरीच्या कडेला उलटली होती. वडील वाचले, चासी पिळवटून गेली. मिस्त्रींच्या वडिलांनी दुसऱ्या एका मोडीतल्या जीपची चासी आणून तिच्यावर सारा संसार पुन्हा मांडला. कागदोपत्री काहीच केले नाही. जुन्या चासीच्या दोन लांब पट्ट्या सरळ करून घेतल्या आणि त्या शेतावरच्या शेडीला आडव्या टाकल्या. आजही त्या तेथे आहेत. केळीचे घड त्यांना टांगतात. मी रॉकेलने पुसून चासीवरचा आकडा वाचला आणि पुस्तकाशी ताडून पाहिला. जुळला नाही.

थोरला बराच वेळ काही बोलला नाही. ज्या वस्तूला कोणी पान्हा लावू नये असे तो म्हणत होता ती वस्तू चाळीस वर्षे पान्ह्यानेच जगली होती, आणि तो पान्हा लावणारे हात त्याच्या बापाने स्वतः बोलावले होते.

अशा वेळी तत्त्वज्ञानाची आठवण होणे हा वकिलाचा दोष नसून सोय आहे. ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाचा प्रश्न विचारला: एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी एकही मूळची उरली नाही, तर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक खोच घातली: काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर मूळ जहाज कोणते? हॉब्जला ही कल्पना विनोदासारखी सुचली असेल. आमच्यासमोर मात्र ती शेड उभी होती. कायद्याच्या दृष्टीने अप्पांची जीप म्हणजे ज्या चासीचा आकडा पुस्तकात आहे ती. म्हणजे केळीचे घड टांगायच्या त्या दोन पट्ट्या.

आपल्याकडे हा प्रश्न रथावरून विचारला गेला. मिलिंद राजा नागसेनाकडे रथातून आला, तेव्हा नागसेनाने त्याला विचारले की आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का. आणि राजाला कबूल करावे लागले की या साऱ्यांच्या मेळाला आपण व्यवहारासाठी रथ हे नाव देतो. नैयायिकांना हे पटले नाही. त्यांच्या मते अवयवांहून अवयवी वेगळा आणि खरा असतो. पण मग त्यांनाही किंमत मोजावी लागली. कापडातून एक धागा ओढला तर जुना पट नष्ट झाला आणि नवा ‘खंडपट’ जन्मला, असे त्यांना म्हणणे भाग पडले. या हिशेबाने आमची जीप निदान चाळीस वेळा मेली आणि जन्मली. इंग्रजांनी, व्यवहारी लोक म्हणून, हा प्रश्न एकेकाळी गुण देऊन सोडवला होता. त्यांच्या परिवहन खात्याकडे रूपांतरित गाडीला जुना क्रमांक ठेवायचा असेल तर तेव्हा आठ गुण मिळवावे लागत. चासीला पाच, निलंबनाला, आसांना, गिअरबॉक्सला, स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, आणि एंजिनाला एक. ज्याला आपण मोटारीचे काळीज म्हणतो त्याला एक गुण! मला हे कोष्टक फार आवडते, कारण प्रश्न सुटत नाही हे कबूल करून ते पुढे जाते.

परंतु भावांचा वाद ओळखीचा नव्हताच. गाडी तीच की दुसरी हे ठरले तरी तिचे काय करणे योग्य हे ठरत नाही. येथे मला आपल्या परंपरेतला जीर्णोद्धार हा शब्द आठवला. अग्निपुराणात त्याचा स्वतंत्र विधी आहे: मूर्ती जीर्ण वा भग्न झाली तर लाकडाची असल्यास अग्नीला द्यावी, पाषाणाची असल्यास पाण्यात सोडावी, आणि त्याच द्रव्याची, त्याच मापाची नवी स्थापावी. द्रव्य गेले तरी चालेल, रूप आणि माप राहिले पाहिजे. गोमंतकात याचे आणखी पुढचे रूप दिसते. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला. देऊळ नवे, गाव नवे, देव तोच. तेथे तर मापही राहिले नाही. राहिला तो भक्तांचा संबंध. हॉट रॉडवाला नेमका उलट वागतो: द्रव्य तेच ठेवतो आणि रूप मोडतो. जुनाच पत्रा, पण कापलेला. जुनीच चासी, पण खाली बसवलेली. म्हणून तो आपल्याला प्रथमदर्शनी विध्वंसक वाटतो.

आणि तरी आपल्या घरांत हेच रोज चालते. सासूच्या पाटल्या मोडून सुनेला तोडे करतात. मोडणे हाच शब्द वापरतात आणि त्यात कोणाला अमंगळ वाटत नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी होते. लुगड्याचे रूप संपूर्ण जाते; काठ कोठेतरी कोपऱ्यात दिसतो तेवढाच. ती गोधडी अंगावर घेणाऱ्या नातवाला आपण आजीचे लुगडे फाडून टाकले असे कधी वाटत नाही. हेच लुगडे परक्याने विकत घेऊन त्याच्या पिशव्या शिवून विकल्या तर मात्र आपल्याला टोचते. गोव्यात जुन्या घरांचे कोरीव खांब आणि दरवाजे उचलून हॉटेलांच्या दिवाणखान्यांत उभे करतात. तेथे द्रव्यही तेच आणि रूपही तेच, तरी काहीतरी चोरीला गेले आहे असे वाटल्याशिवाय राहत नाही. तेव्हा रूप टिकले की द्रव्य टिकले हा कस पुरा पडत नाही. कोणाच्या हाताने आणि कशासाठी, हेही पाहावे लागते. मला धाकट्याच्या बादलीच्या वाक्याचे वजन येथे जाणवले. त्याला जीप हवी होती ती दाखवण्यासाठी असेलही, आराखड्यातला भगवा रंग तसे सांगत होता. पण बापाच्या वस्तूवर आपला हात एकदा तरी फिरावा ही भूक त्याहून जुनी होती.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही पुरता मांडला पाहिजे. मालकी म्हणजे नाश करण्याचा अधिकार, असे रोमन कायद्याच्या वाचनाने आपल्याला वाटू लागते. रोमनांत एक जुना वाद आहे: दुसऱ्याच्या द्राक्षांची कोणी दारू केली तर ती कोणाची? एका पंथाने द्राक्षांच्या मालकाची म्हटले, दुसऱ्याने करणाऱ्याची. जस्टिनियनने तोड काढली की वस्तू पुन्हा मूळ द्रव्यात परत नेता येत असेल तर द्रव्याच्या मालकाची, नाही तर करणाऱ्याची. या तोडीत एक नैतिक सूचनाही दडली आहे. जे परत फिरवता येते ते करताना मन कमी कचरावे, जे परत फिरवता येत नाही तेथे अधिक. एंजिन बदलले तर पुन्हा बदलता येते. काच कापली की कापली. आणि आपल्याच देशात २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अमरनाथ सहगल यांच्या प्रकरणात मालकीला लगाम घातला. विज्ञान भवनातील त्यांचे भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवले होते. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, पैसे मोजलेले होते. तरीही निर्मात्याचा त्याच्या कृतीशी असलेला संबंध विक्रीने तुटत नाही असे न्यायालयाने मानले, अवशेष परत करण्यास आणि पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. जीप हे शिल्प नव्हे, हे मला कळते. शेकडो मजुरांनी साच्यातून काढलेल्या वस्तूला एकच कर्ता नसतो. परंतु आमच्या जीपला कर्ते होते: मिस्त्रींचे वडील, मिस्त्री, आणि ज्याने उलटलेली गाडी सोडून न देता पुन्हा उभी करवली तो बाप. थोरल्याला जे जपायचे होते ते कारखान्याचे मूळ रूप नव्हे, या तिघांचे काम. फक्त त्याला ते ठाऊक नव्हते.

यात एक गमतीची गोष्ट आहे. ज्या हॉट रॉडना एकेकाळी जुन्या गाड्यांची विटंबना म्हटले जाई त्यांनाच आता पुराणवस्तूचा मान आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे अभिजात मोटारींचे जे अत्यंत सोवळे प्रदर्शन भरते, त्याने १९९७ साली हॉट रॉडचा वर्ग प्रथम उघडला आणि १९३२ च्या एका रूपांतरित फोर्डला गौरवले. आता तेथील जाणकार अशा गाड्यांची ‘मूळ’ स्थिती शोधतात. म्हणजे अमुक तरुणाने अमुक साली जी मोडतोड केली ती जशीच्या तशी असली पाहिजे. त्यानंतर कोणी हात लावला असेल तर नाक मुरडतात.

आपला कायदा मात्र दोनच अवस्था ओळखतो: कारखान्यातून निघाली तशी, किंवा भंगार. पन्नास वर्षे राबलेली, जागोजागी ठिगळे पडलेली, प्रामाणिक गाडी त्याला बघताच येत नाही. ती पुरेशी जुनी नाही, कारण बदलली. आणि बदलली म्हणून गुन्हेगार. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील लोहारकाम करणाऱ्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून सुमारे साठ हजार रुपयांत एक लहानशी चारचाकी तयार केली; किक मारून सुरू होणारी, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली. त्यांनी कौतुक केले, ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला अडवतील असेही स्पष्ट लिहिले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती आणि घेणाऱ्याच्या घरी चांगली गाडी आली. तरी मला एक रुखरुख राहिली. माणसाने केलेली गाडी प्रदर्शनात गेली आणि माणसाच्या हाती विकत मिळणारी गाडी आली. तिसरी वाट, म्हणजे कोणी जाणकाराने येऊन ती गाडी तपासावी, ब्रेक पाहावेत, जोड ठोकून पाहावेत, अमुक सुधार म्हणावे आणि सुधारल्यावर तिला रस्त्याचा परवाना द्यावा, ही वाट आपल्याकडे नाही.

आणि तरीही, हे लिहून झाल्यावर, मी कायद्याच्या बाजूला थोडा सरकतो. रस्ता हा एकट्याचा नसतो. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. हे गणित हौसेला भीत नाही. जुन्या बनावटीच्या ब्रेकांवर दुप्पट ताकदीचे एंजिन लादणे म्हणजे रस्त्याच्या कडेने शाळेला जाणाऱ्या मुलाच्या जिवावर, त्याला न विचारता, पैज लावणे. त्या मुलाने धाकट्याच्या बापाची जीप पाहिलेली नाही, त्याच्या बादलीचे दुःख त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. मी धाकट्याला एवढेच विचारले, “एंजिनाचे कागद आणलेस, ब्रेकचे कुठे आहेत?” तो अभियंता आहे, त्याने मान खाली घातली. त्याच्या आराखड्यात रंगाला एक संपूर्ण पान होते.

शेवटी मी दोघांपुढे मांडलेला उपाय असा. जीपची नोंदणी संपून गेलीच होती. वडिलांनी शेवटच्या आजारात ती नवी केली नव्हती. अधिनियमाच्या कलम ५५ खाली, वाहन नष्ट झाले असेल तर मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला तसे कळवायचे असते, म्हणजे नोंद रद्द होते. पुस्तकातल्या चासीचे वाहन १९७९ साली नष्ट झाले, हे खरे आहे. ते उशिरा का होईना लिहून द्यावे. मग उरते ते कायद्याच्या लेखी वाहनच नव्हे. ते रस्त्यावर कधीही आणायचे नाही, शेताच्या कुंपणाआत ठेवायचे, आणि तेथे धाकट्याने मिस्त्रींच्या हाताखाली त्यावर काय करायचे ते करावे. काच कापायची नाही, ही थोरल्याची एकच अट. जे परत फिरवता येईल तेवढेच करायचे. धाकट्याने ती मान्य केली, मला वाटले होते त्याहून लवकर. मिस्त्रींनी मजुरी सांगितली नाही.

मी तेथेच घाटाच्या पायरीवर बसून निवेदन लिहून काढले. वारसाच्या वतीने थोरल्याची सही हवी होती. मजकूर अगदी साधा: माझ्या वडिलांच्या नावे नोंदलेली, अमुक क्रमांकाची जीपगाडी सन १९७९ मध्ये अपघातात पूर्णपणे नष्ट झाली आहे. थोरल्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, “साहेब, १९८४ ला मी यात बसून शाळेत गेलो आहे. आईला खंडव्याला दवाखान्यात यातूनच नेलं. यात नष्ट हा शब्द कसा लिहू?” मी त्याला दुसरा शब्द सुचवू शकलो नाही, कलमात तोच आहे.

कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. वाटणीपत्राची नोंदणी झाली, त्यात जीपचा उल्लेख मी गाळला आहे. धाकट्याचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो. दादाने सही केली का, विचारतो. त्याने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवण्याचे रेखाटन केले आहे आणि ते मला पाठवले आहे. मी थोरल्याला आठवण करत नाही. जीप शेडीत उभी आहे, जुन्या चासीच्या त्या दोन पट्ट्यांखाली. अमावास्येला तिला राजघाटावर आणणे मात्र त्याने थांबवले आहे. नोंदणी नाही म्हणून, असे तो म्हणतो. बादली भरून शेतावरच धुतो.